आरशापासून अंतराळापर्यंत: प्रकाशाने धाडलेल्या निरोपांचा इतिहास

#थ्रेड

१/८
परळच्या भोईवाड्यालगतची हाफकिन संस्थेची वास्तू एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. त्यांच्या अखत्यारीतील मुंबई इलाख्यात तेव्हा कराचीही मोडत असे. त्याच कराचीत १८६९ मध्ये प्रकाशाने निरोप धाडण्याचे एक साधन घडले. अंतराळयानाशी लेसरने साधलेल्या आजच्या संपर्काची पूर्वपीठिका तिथवर मागे नेता येते.

२/८
साधनाचे नाव हेलिओग्राफ. कर्ता पर्शियन आखाताच्या सरकारी तारायंत्र खात्यातील हेन्री मान्स. तिपाईवरील आरशाने सूर्यकिरण दूरच्या ठाण्यावर पाडायचे आणि आरसा किंचित हलवून मोर्स लिपीतील लहान-मोठ्या लखलखाटांत मजकूर पाठवायचा. १८७८-८० च्या अफगाण युद्धात ब्रिटिश फौजांनी तो वापरला. तार नको, खांब नकोत. अटी मात्र दोन: नेम अचूक हवा आणि आकाश निरभ्र हवे.

३/८
सामान्य प्रकाश अंतराबरोबर पसरत जातो. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर सिद्ध केला आणि अतिशय अरुंद झोत हाती आला. १९६२ मध्ये गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर अवतरला. विद्युतप्रवाह बदलताच त्याचा प्रकाश बदलतो. त्यामुळे त्यावर संदेश चढवणे सुकर झाले.

४/८
मुंबई यात मागे नव्हती. त्याच दशकात ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात हाच लेसर घडवण्यात आला. पुढे त्याच्या साहाय्याने ट्रॉम्बे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यात, पंधरा-वीस किलोमीटरवर, प्रकाशीय संपर्क साधून दाखवला गेला. शहराच्या विज्ञानेतिहासातील हे पान आज फारसे कुणाच्या स्मरणात नाही.

५/८
परंतु धुके आणि पाऊस झोताची वाट अडवतात. मान्सची दुसरी अट लेसरलाही चुकली नाही. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी काचेच्या तंतूंचा मार्ग सुचवला. पृथ्वीवरचा प्रकाश मग हवा सोडून काचेत शिरला. मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्रतळाच्या केबली त्याच मार्गाच्या.

६/८
अंतराळात केबल टाकता येत नाही. तिथे आजवर भिस्त रेडिओलहरींवर. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या स्कियापारेली यानाचा क्षीण संकेत पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने टिपला, तोही रेडिओचाच. लेसरचा निरोप लवकर पोहोचतो, हा समज चुकीचा आहे. दोहोंचा वेग एकच. फरक तरंगलांबीचा. लेसरची तरंगलांबी फार लहान, म्हणून झोत कमी पसरतो आणि तेवढ्याच वेळात कितीतरी अधिक माहिती पाठवता येते.

७/८
नासाचे सायकी यान १३ ऑक्टोबर २०२३ रोजी निघाले. त्यावरील प्रायोगिक लेसर उपकरणाने ११ डिसेंबरला सुमारे ३.१ कोटी किलोमीटरवरून एका मांजराची चित्रफीत पाठवली. प्रकाशाला १०१ सेकंद लागले. कमाल वेग सेकंदाला २६७ मेगाबिट. एवढ्या वेळात पृथ्वी आपल्या कक्षेत सुमारे तीन हजार किलोमीटर पुढे सरकते. म्हणून नेम पृथ्वी आत्ता दिसते तिथे धरून चालत नाही. झोत पोहोचेल तेव्हा ती जिथे असेल, तिथे धरावा लागतो. हा झोत कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या हेल दुर्बिणीने टिपला. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये अंतर ४९ कोटी किलोमीटरपर्यंत गेले.

८/८
नेमाची अट अशी गणिताने आणि यंत्राने पाळता आली. आकाशाची अट मात्र कायम आहे: दुर्बिणीवर ढग आले की संपर्क तुटतो. यावर उपाय म्हणजे दूरदूरच्या, भिन्न हवामानाच्या प्रदेशांत एकाहून अधिक केंद्रे उभारणे आणि रेडिओचा आधार न सोडणे. ढगांतून पार होणारा रेडिओ सायकी यानावरही आहे. नवे साधन आले म्हणून जुने लगेच निकालात निघत नाही, हे दळणवळणाच्या इतिहासात वारंवार दिसते. लेसरही त्याला अपवाद ठरलेला नाही.