ठासणीची बंदूक विकताना

गावाकडील घर मोडून राजारामपुरीतील सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला कधी आजोबांची ठासणीची बंदूक येते. नळीच्या तोंडातून दारू व छरे गजाने ठासून भरावयाची ही बंदूक पिकांच्या राखणीसाठी वापरली जाते. त्यासाठीच्या परवान्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. परवाना मात्र व्यक्तीच्या नावे असतो. परवानाधारकाच्या निधनानंतर बंदूक तशीच घरात ठेवणे गुन्हा ठरतो.

वारसाने ती विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. जमा केल्याने मालकी संपत नाही. विहित मुदतीत स्वतःचा परवाना मिळवून बंदूक परत घेता येते किंवा ती परवानाधारक ग्राहकास विकून किंमत घेता येते. मुदत टळल्यास ती सरकारजमा होऊ शकते.

परवानाधारकास आपली बंदूक दुसऱ्या व्यक्तीस विकावयाची असल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यास खरेदीदाराचे नाव व पत्ता लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने व्यक्तीमागे बंदुकांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आणली, हे खरेदीदाराने ध्यानी घ्यावे.

‘जुनी बंदूक, तिला परवाना कशाला?’ हा समज घातक आहे. दुरुस्ती करूनही जिच्यातून बार उडू शकत नाही, अशाच कालबाह्य बंदुकीला कायद्यातून सूट आहे. शंभर वर्षांहून जुनी बंदूक परदेशी पाठविण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तींना मनाई आहे.