घर हलले, शाळा कुठे? बीड जिल्ह्यातील शंभर वर्षांचा एक प्रश्न

१/ आठवी-नववीतले मूल घेऊन कुटुंब परगावी निघाले की शाळेचा प्रश्न आधी उभा राहतो. माध्यम कोणते? परीक्षा कोणाची? दाखला वेळेवर मिळेल का? मूल राहील कुठे? बीड जिल्ह्यात हे प्रश्न किमान शंभर वर्षे विचारले जात आहेत आणि राज्य, भाषा व पोटापाण्याची साधने बदलली तशी त्यांची उत्तरेही बदलत गेली. आजचा धागा त्या उत्तरांच्या इतिहासाचा.

२/ सोयीसाठी तीन मार्ग मानू. पहिला : घर जागेवर ठेवून मूल शाळेच्या गावी पाठवायचे. दुसरा : घर जाईल तिकडे शाळा न्यायची. तिसरा : घर गेले तरी मूल शाळेपाशी राखायचे. बीडने हे तिन्ही मार्ग चोखाळून पाहिले आहेत. प्रत्येक मार्गाची किंमत कोणी चुकती केली, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

३/ आरंभ निजामकाळापासून करू. १९४८ पर्यंत बीड हा हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. बहुसंख्य घरांत मराठी बोलली जाई. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू. प्राथमिक वर्गांत मराठी चाले, पण वरच्या सरकारी शिक्षणात उर्दूला पर्याय नसे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणाचे माध्यमच उर्दू ठरवले. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता; मराठी मुलासाठी मात्र ती भाषा घरची नव्हती.

४/ त्यामुळे पालकांपुढचा पेच विचित्र होता. आष्टीसारख्या तालुक्याची सीमा नगर जिल्ह्याला, म्हणजे ब्रिटिश मुंबई इलाख्याला भिडलेली. मुलाला नगर, सोलापूर किंवा पुण्यास धाडले तर मराठी-इंग्रजी शिक्षण मिळे आणि मुंबई विद्यापीठाचा मार्ग खुला होई. पण संस्थानात नोकरी हवी असेल तर उर्दू आवश्यक. शाळा निवडणे म्हणजे मुलाचे भवितव्य कोणत्या राज्यात घडणार, हेच निवडणे होते.

५/ या पेचातून मधली वाट काढली ती संस्थानातील खाजगी शाळांनी. हैदराबादेत विवेकवर्धिनी, गुलबर्ग्यात नूतन विद्यालय, औरंगाबादेत १९१५ पासून सरस्वती भुवन. खाजगी शाळा चालवणे सोपे नव्हते. सरकारी परवानगी लागे आणि शाळेच्या आडून राजकारण तर चालत नाही ना, यावर बारीक नजर असे. तरीही या शाळा टिकल्या, कारण समाजाला त्यांची निकड होती.

६/ आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. असहकाराच्या वाऱ्यात जन्मलेल्या या शाळेत १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक आले. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा हा नेता आधी शिक्षक होता, हे विसरून चालणार नाही.

७/ १९३५ साली स्वामीजी हिप्परग्याहून अंबाजोगाईस आले आणि योगेश्वरी नूतन विद्यालयाच्या कामास लागले. त्या वेळी सरकारदरबारी या गावाचे नाव मोमिनाबाद होते. मुकुंदराज आणि दासोपंतांचे हे गाव आता आसपासच्या खेड्यांतील मुलांसाठी शिक्षणाचे ठिकाण बनले.

८/ खेड्यातून आलेला मुलगा राहत असे कसा? नातेवाईक असले तर त्यांच्याकडे. नसले तर दोघा-तिघांनी मिळून खोली करायची. ज्यांना तेही परवडत नसे, ते वार लावून जेवत : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ही सोय जातीच्या चौकटीत चाले, हेही नोंदवायला हवे. ज्याला गावात कोणी पंगतीला घेत नसे, त्याला वार लागणार कुठून? आणि मुलींसाठी तर हा मार्ग जवळजवळ बंदच होता.

९/ १९३८ साली शाळाबदल हा राजकीय प्रश्न झाला. वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून औरंगाबादच्या इंटरमीजिएट महाविद्यालयात संघर्ष पेटला आणि तो हैदराबादेपर्यंत पोहोचला. अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. नागपूरला गेलेल्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. त्याच वर्षी स्वामीजीही अंबाजोगाई सोडून स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले.

१०/ १७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटले. १९५६ साली बीड द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात. या बारा वर्षांत अनेक विद्यार्थ्यांचे घर जागचे हललेही नाही, पण शाळेची भाषा, पुस्तके आणि पुढच्या परीक्षा बदलल्या. स्थलांतर न करताही नव्या राज्यातील शाळेशी जुळवून घेणारी ती पिढी होती.

११/ ज्यांना वार लागत नव्हते त्यांच्यासाठीही दार उघडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद. मराठवाड्यातील दलित तरुण तेथे येऊन वसतिगृहांत राहिले आणि शिकले. घर सोडून शिकण्याची मुभा तोवर कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हे या वसतिगृहांनी स्पष्ट केले.

१२/ १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. येथे मराठवाड्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्या. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने खाजगी संस्थांनी उभे केले. मराठवाड्यात हैदराबाद राज्याच्या सरकारी शाळांचा वारसा जिल्हा परिषदेकडे आला. म्हणून बीडमध्ये ‘जिल्हा परिषद प्रशाला’ हा शब्द आजही कानावर पडतो. गरिबाच्या मुलासाठी हायस्कूल म्हणजे बहुधा हीच प्रशाला.

१३/ याच काळात तालुक्याच्या गावी खोली करून राहणारी मुले वाढली आणि गावाहून एसटीने डबा येऊ लागला. आईने पहाटे भाकरी बांधायच्या, वडिलांनी डबा बसमध्ये द्यायचा, मुलाने स्थानकावर उतरवून घ्यायचा. मराठवाड्यातील कितीतरी शिक्षक, डॉक्टर आणि अधिकारी या डब्यांवर वाढले. पण या व्यवस्थेला एक अट होती : डबा पाठवणारे घर गावात हवे.

१४/ आणि तेच घर वर्षातून सहा महिने कुलूपबंद झाले तर? बालाघाटच्या डोंगररांगांत जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. तिकडे प्रवरानगरला १९५० च्या सुमारास पहिल्या सहकारी साखर कारखान्याची चाके फिरली आणि पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. त्यांना तोडणीसाठी हात हवे होते. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुंद केली. पाटोदा, आष्टी, शिरूर, केज, धारूर, वडवणी येथून टोळ्या निघू लागल्या.

१५/ ऊसतोडीत मजुरीचे एकक आहे ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. हिशेब जोडीचा असल्याने आई घरी राहू शकत नाही. आई गेली की मुलेही जातात. मोठी मुलगी कोपीवर धाकट्यांना सांभाळते. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मोळ्या वाहू लागतो आणि हळूहळू स्वतःच अर्धा कोयता होतो.

१६/ आता दिनदर्शिका पाहा. शाळा जूनमध्ये भरते. गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. म्हणजे पहिले सत्र गावात, दुसरे फडात. दहावीची परीक्षा असते साधारण मार्चमध्ये, नेमकी हंगाम संपण्यापूर्वी. शाळेचे वर्ष आणि साखरेचे वर्ष एकमेकांना छेद देतात, आणि दोन्हींचे वेळापत्रक ठरवताना या मुलांना कोणी विचारलेले नाही.

१७/ ही कुटुंबे जातात तो मुलूख शाळांनी समृद्ध आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेचे जाळे सातारा-नगर पट्ट्यात दाट आहे. फडाजवळ हायस्कूल असते. पण नोव्हेंबरात येऊन एप्रिलमध्ये जाणारा, महिन्या-पंधरा दिवसांनी तळ हलवणारा विद्यार्थी तेथे रुजणार कसा? टोळी उत्तर कर्नाटकात गेली तर जवळच्या शाळेत कन्नड. आजोबांसमोर उर्दूचा जो पेच होता, तो नातवासमोर वेगळ्या लिपीत उभा राहतो.

१८/ यावर दुसरा मार्ग शोधला गेला : शाळाच फडाकडे नेणे. तीच साखरशाळा. स्वयंसेवी संस्था, कारखाने आणि शासन यांच्या प्रयत्नांतून कारखान्यांच्या तळांवर वर्ग भरू लागले. अनेक मुलांची अक्षरओळख तिने टिकवली. पण साखरशाळेचा भर प्राथमिक वर्गांवर राहिला. नववीचे बीजगणित, विज्ञानाचे प्रयोग, विषयवार शिक्षक हे सारे कोपीच्या शेजारी उभे करणे कठीण होते.

१९/ १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. स्थलांतरित मुलांना प्रवेश देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरले. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही कायद्यात आले. शंभर वर्षांपासूनच्या दाखल्याच्या भीतीला हे मोठे उत्तर होते. मात्र त्या कायद्याची मर्यादा आहे ६ ते १४ वर्षे, म्हणजे आठवीपर्यंत. सर्वांत अवघड वर्षे त्याच्या कुंपणाबाहेर राहिली.

२०/ म्हणून तिसरा मार्ग : मूल गावातच राखायचे. हंगामी वसतिगृहांत पालक परतेपर्यंत मुलांच्या जेवणाची सोय होते. अनेक ठिकाणी मूल रात्री आजी-आजोबांकडेच झोपते. शाळा तीच, शिक्षक तेच, दाखल्याची कटकट नाही. पण सहा महिने आई-बाप नाहीत. आजी थकलेली असली तर तिला कोण सांभाळणार? बहुतेक वेळा तीच शाळकरी नात.

२१/ वयात आलेल्या मुलीबाबत हा प्रश्न जीवघेणा होतो. सोबत न्यावी तर उघड्या कोपीत सुरक्षितता नाही. मागे ठेवावी तर घरात मोठे कोणी नाही. मग ‘लग्न उरकून टाका’ हा सल्ला पुढे येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी चारांहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले होते. मुक्कामाची सोय असलेली शाळा जवळ असणे, एवढ्यावर एखादीचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

२२/ २०२१ साली शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह योजना मंजूर केली : ४१ तालुक्यांत प्रत्येकी एक मुलांचे व एक मुलींचे, अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकाची क्षमता १००. पहिल्या टप्प्यात बीडमधील पाटोदा, केज, बीड, गेवराई, माजलगाव आणि परळी हे तालुके होते. ज्यांना कधी वार लागला नाही, त्यांच्या पंगतीची जबाबदारी शासनाने घेतली, असे याकडे इतिहासाच्या नजरेने पाहता येईल.

२३/ हा पेच केवळ आपला नव्हे. अमेरिकेत पिकांमागे राज्याराज्यांतून फिरणाऱ्या शेतमजुरांच्या मुलांसाठी १९६६ साली केंद्रीय निधीचा स्वतंत्र शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तेथेही अडचण तीच होती : मूल नव्या शाळेत पोहोचते, पण ते आधी काय शिकले याची नोंद मागे राहते. आपल्याकडे शिक्षण हमी कार्ड दिले जाते ते याच कारणासाठी.

२४/ बीडमध्येच या प्रश्नाचे दुसरे रूपही आहे. दहावीनंतर मुलाला लातूरला ठेवायचे म्हणून आई तेथे खोली घेऊन राहते, वडील गावाकडे शेती पाहतात. दोन्ही कुटुंबे दुभंगतात. फरक इतकाच की एका घरात आई मुलाच्या शाळेसाठी घर सोडते आणि दुसऱ्या घरात आईला घर सोडावे लागते म्हणून मुलाची शाळा सुटते. निवड हा शब्द पहिल्या घराला शोभतो; दुसऱ्या घरासाठी ती निवड कोणीतरी आधी उभी करून द्यावी लागते.

२५/ दहावी हुकलेल्यांसाठी ‘१७ नंबरचा फॉर्म’ आहे. खाजगीरीत्या परीक्षेला बसता येते आणि कित्येक जण त्या वाटेने परतलेही आहेत. पण ती परतीची वाट आहे. रामानंद तीर्थांच्या काळापासून आजपर्यंत जिथे मूल टिकले, तिथे तीन गोष्टी एकत्र आढळतात : समजणारी भाषा, झोपायला सुरक्षित जागा आणि वेळेवर जेवण. चांगले निकाल त्यानंतर येतात.

२६/ इतिहासप्रेमी मित्रांनो, शेवटी एक काम सुचवतो. प्रत्येक जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यात विद्यार्थ्याचे नाव, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण लिहिलेले असते. मुख्याध्यापकांच्या परवानगीने ते शेवटचे दोन रकाने वाचा. नावे प्रसिद्ध करू नका, फक्त कारणे मोजा. दुष्काळ, बदली, लग्न, ऊसतोड : तुमच्या गावाचा न लिहिलेला इतिहास तेथे लिहून ठेवलेला आहे. काय सापडले ते खाली जरूर सांगा.