जुन्नर-आंबेगावातील बालक्रीडेची पूर्वपीठिका

जुन्नर प्रांताच्या गतकाळाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाच्या हाती सामग्री विपुल लागते. नाणेघाटातील दगडी रांजण, कसब्याभोवतीच्या डोंगरांत कोरलेली दोनशेहून अधिक लेणी, निजामशाहीच्या उदयकाळाच्या खुणा आणि कागदी कारागिरांनी घडवून पेशवाईच्या दप्तरांपर्यंत पोचवलेला जुन्नरी कागद, अशी ती संपत्ती आहे. परंतु ज्या कागदावर गावोगावचे हक्क, वतने, इनामे आणि वसुलाच्या बाकीचे तपशील बारकाईने उतरले, त्याच कागदावर दीड-दोन वर्षांचे मूल अंगणात काय खेळत होते, त्याच्या हाती कोणता जिन्नस होता आणि त्याला खेळवीत कोण बसले होते, ह्याची एखादी ओळ लिहावी असे कोणाही कारकुनास वाटले नाही. तेव्हा ह्या इतिहासाचा माग दैवतांच्या कथा, काव्य, उत्खननातील भाजलेली माती आणि आजही चालू असलेली घरोघरची वहिवाट ह्यांतूनच काढावा लागतो.

आणि तो काढू लागले म्हणजे प्रथमच लक्षात येते की ह्या मुलखाची दोन प्रमुख श्रद्धास्थाने बाल्यावस्थेशी निगडित आहेत. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारांपैकी सातव्या लेण्यात गिरिजात्मज वसला आहे. पार्वतीने येथे तपश्चर्या केली, पुत्ररूपाने गणेश तिला लाभला आणि त्याच्या बाललीला ह्याच डोंगरावर झाल्या, अशी पुराणकथा आहे. अष्टविनायकांपैकी इतर स्थानी ज्याच्या पराक्रमाचे माहात्म्य गाइले जाते, तो देव येथे आईच्या सान्निध्यातला मुलगा आहे. कसब्याच्या दुसऱ्या अंगास उभ्या असलेल्या शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी जिजाबाईंच्या पोटी शिवाजीराजे जन्मले. कवींद्र परमानंदाने 'शिवभारत' रचताना त्यांच्या शैशवक्रीडांचे वर्णन करण्याचा कविकुलाचा शिरस्ता पाळला आहे. प्रतिवर्षी शिवजयंतीस गडावर पाळणा हालवून स्त्रिया जन्मोत्सव साजरा करतात. एका राज्यसंस्थापकाचे स्मरण जेथे तलवारीआधी पाळण्याने होते, त्या भूमीत बालक्रीडेचा इतिहास लिहिला जाऊ नये, ही आम्हास खरोखरच मोठी उणीव वाटते.

त्याहून मागे जावे तर सातवाहनांचा काळ येतो. नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेने यज्ञयागांचा आणि दानांचा दीर्घ लेख कोरविला, आणि राजकुटुंबाच्या प्रतिमाही मांडविल्या. त्यांत राजा सातकर्णी आणि स्वतः राणी ह्यांच्यासवे कुमारांचीही नावे आहेत. प्रतिमा भग्न झाल्या, नावे तेवढी उरली. मात्र त्याच राजकुलातील हाल राजाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती' ह्या महाराष्ट्री प्राकृत संग्रहात एका सामान्य घरातील प्रसंग आला आहे, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तो कोणत्याही शिलालेखाहून मोलाचा आहे. रुसलेल्या पत्नीच्या पायांशी पती वाकला असता त्यांचा लहानगा मुलगा त्याच्या पाठीवर चढू लागतो, आणि रागाच्या भरात असलेल्या त्या गृहिणीस हसू आवरत नाही. मोठ्यांच्या मानापमानाची गुंतागुंत त्या मुलास ठाऊक नाही. वाकलेली पाठ दिसली की तिच्यावर बसावयाचे, एवढेच तो जाणतो. आज मंचर किंवा ओतूर येथील घरात शेतावरून आलेला बाप चटईवर गुडघे टेकतो आणि पोर 'घोडा घोडा' म्हणून त्याच्या पाठीवर झेपावते, तेव्हा सुमारे दोन सहस्र वर्षांचा तो खेळ यत्किंचितही बदललेला नसतो.

ह्या प्रांतीच्या बालकाच्या मनात घोड्याहूनही मोठे स्थान बैलाचे आहे. आंबेगावच्या सह्याद्रीत आहुप्याच्या बाजूस उगम पावणारी घोडनदी शिरूर तालुक्यात इनामगावास वळसा घालून जाते. तेथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ ते १९८३ ह्या काळात केलेल्या उत्खननातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० ह्या कालखंडातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. घराच्या जमिनीखाली एका मातीच्या पात्रात मस्तकविहीन देवीची मूर्ती आणि तिच्यासवे मातीचा बैल सापडला. तो बैल पूजेचा होता. तथापि जी बोटे देवीसाठी बैल वळत होती, त्यांनीच उरलेल्या मातीचा गोळा शेजारी बसलेल्या मुलाच्या हाती दिला नसेल, असे मानणे आम्हास अवघड वाटते. त्याच जमिनीखाली, तोंडास तोंड लावलेल्या दोन रांजणांत, अकाली गेलेली बालके पुरलेली आढळली. मुलास मृत्यूनंतरही घराबाहेर दूर न धाडणारे ते लोक मुलांविषयी उदासीन नव्हते, हे निश्चित. मातीच्या खेळण्याने पुढे संस्कृत रंगभूमीवर एका श्रेष्ठ नाटकास नाव दिले. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त चारुदत्ताचा लहानगा रोहसेन मातीच्या गाड्यावर समाधान न मानता शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाड्यासाठी रडतो, आणि वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाड्यात भरते.

जुन्नर-आंबेगावात ह्या गाड्याची हौस अद्याप ओसरलेली नाही. यात्रेच्या दिवसांत शर्यतीच्या घाटात बैलगाड्यांच्या बाऱ्या धावतात, भंडारा उधळला जातो. आजोबांच्या खांद्यावरून तो थरार पाहिलेले मूल दुसऱ्या दिवशी घरी दोरीचा तुकडा, काडीचा चाबूक आणि उलटे ठेवलेले सूप एवढ्या साहित्यावर आपली बारी पळवते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींस मनाई केली आणि २०२३ साली राज्याच्या सुधारित कायद्यास मान्यता देईपर्यंत हा वाद चालला. पण अंगणातील ह्या बारीला कोणत्याच हुकमाची बाधा पोचली नाही. पोळ्यास मातीचे बैल पूजले जातात, आणि पूजा आटोपताच ते मुलांच्या स्वाधीन होऊन संध्याकाळपर्यंत शिंगे गमावून बसतात. जो जिन्नस सकाळी देव्हाऱ्याजवळ होता तो दुपारी मातीत लोळतो, ह्यात कोणास अनौचित्य वाटत नाही, हे ह्या संस्कृतीचे औदार्य होय.

खेळण्यांचा व्यवहार मुख्यत्वे बलुतेदारीच्या आश्रयाने चाले. वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करणारा सुतार उरलेल्या लाकडातून तीन चाकांचा पांगुळगाडा करून देई, आणि तो एका घरी दोन-तीन भावंडांची पावले स्थिर करून पुढे चुलत्याच्या घरी जाई. कुंभाराकडून गाडग्यांबरोबर भातुकलीची चूल-बोळकी येत. यात्रेत पिपाणी, भिंगरी, खुळखुळा मिळे. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत लहान मुलांचे बोरनहाण होई: काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घातलेल्या बालकाच्या मस्तकावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि चुरमुरे ओतावयाचे, आणि जमलेल्या पोरांनी ते लुटावयाचे. वेचण्याच्या त्या गडबडीत दोन वर्षांच्या बोटांना बोर चिमटीत धरण्याचा जो अभ्यास घडतो, तो आजचे बालशिक्षणतज्ज्ञ मुद्दाम योजून करवून घेतात.

पश्चिमेकडील डोंगराळ भागात, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांतून, विकतचे खेळणे फार थोड्या घरी पोचले. भातलावणीच्या अथवा हिरडा वेचण्याच्या हंगामात आई कामावर, मूल झाडाला बांधलेल्या झोळीत, आणि त्याच्यापाशी आजी किंवा सहा-सात वर्षांची ताई, अशी व्यवस्था असे. तेथे खेळणे म्हणजे मोठ्यांचा देहच. तळहातावर बोट फिरवून मोराला दाणे टिपावयास बोलवावे. हातांनी चेहरा लपवावा आणि 'कुक' म्हणून प्रकट व्हावे. मुलाला पाठुंगळीस घेऊन साखरेचे पोते विकावयास निघावे. पावलांवर बसवून झुलवावे. ह्या खेळांस खर्च नाही, नियम नाहीत, हारजीत नाही. त्यांस लागतो तो केवळ एका माणसाचा अविभाज्य वेळ, आणि म्हणूनच आमच्या मते सर्व बालक्रीडांत त्यांची योग्यता प्रथम होय.

गिजुभाई बधेका ह्यांच्यासवे भावनगर येथे बालशिक्षणाचे कार्य करणाऱ्या ताराबाई मोडक ह्यांनी हे मर्म ओळखले होते. १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढल्यावर शाळेत न येणाऱ्या मुलांच्या दारी शाळाच न्यावी, आणि महागड्या परदेशी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, माती वापरावी, असा मार्ग त्यांनी आणि अनुताई वाघ ह्यांनी घालून दिला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर तो अधिक दृढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने देशभर जे अंगणवाड्यांचे जाळे विणले, त्यात ह्या दोन्ही तालुक्यांच्या वाड्या-वस्त्याही आल्या.

परंतु गेल्या काही दशकांत येथील अंगणावर एक निराळेच संकट ओढवले आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ह्या धरणांनी शेतास पाणी दिले, पाण्यामागे ऊस आला, आणि उसाच्या दाट आडोशास बिबट्याने घर केले. माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र उभारावे लागले, आणि बिबट्यांच्या हल्ल्यांत अंगणात खेळणारी लहान मुले बळी पडली. दिवेलागणीची वेळ, जी पूर्वी तान्ह्यांच्या खेळाची हक्काची वेळ होती, ती आता दार लावून घेण्याची झाली आहे. ह्यास्तव उसालगतच्या प्रत्येक अंगणवाडीस पक्के कुंपण आणि दिवा असावा, कुंपणाच्या आत माती आणि पाणी असावे, आणि वस्तीवरील आज्यांना सेविकांनी आग्रहाने तेथे बोलवावे. कारण तळहातावर मोर उतरवण्याची विद्या अद्याप त्यांच्याच हाती आहे.