वालचंदांची मोटार आणि ब्रेकचे रबर

जुनी मोटार पुन्हा चालती करण्याचा नाद असलेली मंडळी रंग, क्रोम आणि आसनांचे कापड यांविषयी तासन्‌तास बोलतात. ब्रेकचा विषय निघाला की त्यांचा आवाज किंचित खाली येतो. कारण सरळ आहे. दिवा फुटला तरी गाडी प्रदर्शनात उभी राहते, इंजिन बंद पडले तर ती कडेला ढकलता येते. पण चाकाच्या सिलिंडरमधला अंगठ्याएवढा रबरी कप फाटला तर गाडी थांबतच नाही, आणि अख्ख्या मोटारीत सर्वांत आधी मरतो तो नेमका हा कप. त्याचा शोध घेऊ लागलो की आपण नकळत इतिहासात शिरतो. आज कोणता भाग मिळतो आणि कोणता मिळत नाही, याचे उत्तर पुष्कळदा सत्तर वर्षांपूर्वीच्या एखाद्या सरकारी निर्णयात असते.

सोलापूरकराने तर या शोधाचा आरंभ आपल्या गावापासूनच करावा. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. त्यात मन न रमल्याने लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला आणि तेथून ते बोगदे, जहाजे, विमाने करीत मोटारीपर्यंत आले. विश्वेश्वरय्यांनी १९३५च्या सुमारास परदेशांत हिंडून मोटार कारखान्याची योजना आखली होती; वालचंदांनी ती उचलली. १९४० साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार झाला, पण युद्धकाळात इंग्रज सरकारने पाठबळ नाकारले. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लायमाउथ आणि फार्गो ही नावे मिरवणारी वाहने बाहेर पडू लागली.

ती गाडी तेव्हा ‘जोडलेली’ होती, ‘बनवलेली’ नव्हे. पेट्यांतून आलेले भाग येथे एकत्र केले जात. शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून हेच करीत होती आणि फोर्डही. १९५३ साली सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरवले की, ज्यांच्यापाशी सुटे भाग येथेच बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावे. दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. वालचंद त्याच वर्षी एप्रिलमध्ये निवर्तले. प्रीमियर मात्र राहिली, आणि १९५४ पासून फियाट ११०० ही इटालियन गाडी तिचा मुख्य आधार झाली. तीच १९६४ साली ‘डिलाइट’, पुढे ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४च्या सुमारास ‘पद्मिनी’ झाली.

या निर्णयाचा परिणाम आजही गॅरेजमध्ये दिसतो. भाग येथेच बनवायचे म्हटल्यावर ते बनवणारे कारखाने उभे राहावे लागले: मद्रासला १९६२ साली ब्रेक्स इंडिया, पाठोपाठ राणे ब्रेक लायनिंग. पद्मिनी सुमारे २००० सालापर्यंत निघत राहिली आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिच्या ब्रेकच्या भागांचा बाजार जिवंत ठेवला. त्यामुळे पद्मिनीचे मास्टर सिलिंडरचे किट किंवा ब्रेक शू मिळवणे हे अजून तरी चिकाटीचे काम आहे, चमत्काराचे नव्हे. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या भागांसाठी लोक कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जातात. जेथे गाडी जन्मली तेथेच तिचे अवयव विकले जातात, हा योगायोग आम्हांस जरा क्रूर वाटतो.

१९४७–५० सालच्या डॉज-प्लायमाउथची गोष्ट वेगळी. तिच्यामागे देशी कारखान्यांची फळी कधी उभीच राहिली नाही. तिचे ब्रेक लॉकहीड पद्धतीचे. द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक क्रायस्लरने १९२४ पासूनच आपल्या गाड्यांना बसवले होते. युद्धोत्तर गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाला दोन-दोन सिलिंडर आहेत, म्हणजे रबरी कपही तितके जास्त. मागचा ड्रम निमुळत्या आसावर चावीने इतका घट्ट बसलेला असतो की त्यासाठी वेगळा पुलर लागतो. हातोडीने ठोकून काढू पाहणारा मिस्त्री ड्रमच फोडून बसतो. मापे सगळी इंचाच्या अपूर्णांकांत. दिलासा एवढाच की क्रायस्लरने एकेक भाग अनेक नावांच्या गाड्यांत वापरला, त्यामुळे अमेरिकेत तो अजून मिळतो. तेव्हा भाग मागवताना गाडीच्या नावापेक्षा सिलिंडरचा व्यास मोजून सांगणे शहाणपणाचे.

आणि भाग मिळालाच नाही तर? येथे सोलापूरचा दुसरा वारसा उपयोगी पडतो. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णूपर्यंत या गावाने विलायती यंत्रे चालवली. मोडलेल्या दात्यासाठी दर वेळी लँकेशायरकडे पाहता येत नसे. लेथवरच तो घडवावा लागे. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पण ‘नमुना आणा, करून देतो’ म्हणणारा टर्नर हा ज्या संस्कृतीचा माणूस आहे, ती अशा गिरणगावांतच मुरलेली आहे.

असा माणूस ब्रेकमध्ये काय करू शकतो, हे नीट समजून घ्यावे. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की त्या पाण्याने बिडाच्या सिलिंडरला आतून खड्डे पडतात. अशा सिलिंडरमध्ये नवा कप घातला तरी तो गळतोच. लेथवर सिलिंडर मोठा करून त्यात पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवायची आणि ती मूळ मापाला आणायची, हा त्यावरचा खरा उपाय. शूला नवे लायनर रिव्हेटने बसवता येते, ड्रम साफ करून घेता येतो. रबर मात्र लेथवर होत नाही. ते विकतच घ्यावे, ताजे घ्यावे आणि पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊ नये. त्यात इंजिन ऑइल मिसळले तर कप फुगून निकामी होतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, ती धूळ हवेच्या नळीने उडवणे म्हणजे फुफ्फुसांशी वैर.

‘अस्सल’ या शब्दाचा काही संग्राहकांना फार सोस असतो. कोठल्याशा दुकानाच्या माळ्यावर १९६५ सालचा सीलबंद कप सापडला की त्यांना ब्रह्मानंद होतो. आमच्या मते तो कप काचेच्या कपाटात ठेवावा; रबर पेटीतही म्हातारे होते. या गाड्यांना मास्टर सिलिंडर एकच आणि द्रवाचा मार्गही एकच. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी मार्ग सक्तीचा केला तो याच कारणाने: एका चाकाचा कप गेला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. चेसिस, सांगाडा आणि इंजिन मूळचे हवे, अशी तिची अट आहे. रोजच्या वापराला अशी गाडी काढता येत नाही. पहिल्या पद्मिनी आता या वयात पोचल्या आहेत. पण मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली आणि तिच्याबरोबर ब्रेकच्या किटचे रोजचे गिऱ्हाईकही. ज्यांच्या पडवीत अशी गाडी उभी आहे त्यांनी सिलिंडरची मापे आताच वहीत उतरवून ठेवावीत, आणि लेथवाल्याच्या मुलाने अजून ते काम सोडलेले नाही ना, याचीही चौकशी करावी.