उपचारासाठी सीमेपलीकडे

नोकराच्या औषधपाण्याचा खर्च मालकाने उचलावा ही कल्पना पश्चिम भारतात कारखान्यांबरोबर आली, असे सामान्यतः मानले जाते. परंतु प्रकृती सुधारण्यासाठी दूरदेशी जाण्याची सवड नोकराला मिळावी आणि त्या काळात त्याचे उत्पन्न बुडू नये, हा रिवाज त्याहून बराच जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील गोरा अधिकारी तापाने किंवा यकृताच्या विकाराने खंगला, की डॉक्टरचा दाखला घेऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील केप वसाहतीत काही महिने हवापालटासाठी जाई. यासाठी केपचीच निवड का होई, याचे उत्तर तेथील हवेइतकेच कंपनीच्या हिशेबवहीतही सापडते: केप कंपनीच्या सनदेच्या हद्दीत धरले जात असल्याने तेथे गेलेल्या अधिकाऱ्याचे भत्ते चालू राहत, मायदेशी गेल्यास मात्र त्यांना कात्री लागे. आज ज्याला कर्मचाऱ्यांच्या आरोग्यलाभांतील परदेशी उपचाराचा पर्याय म्हणतात, म्हणजे मालकाने घेतलेल्या सामूहिक विम्यातून किंवा थेट त्याच्या खर्चाने कर्मचाऱ्याने देशाबाहेर जाऊन उपचार घेण्याची मुभा, त्याचे मूळ रूप या व्यवस्थेत दिसते. उपचार कोठे घ्यावा हे ठरवताना रोगाइतकाच विचार हद्दीचा आणि हुद्द्याचा होत असे, आणि या सवलतीच्या पुढच्या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते.

केपचा प्रवास लांबचा आणि खर्चाचा असल्यामुळे मुंबई इलाख्यातच थंड हवेची ठिकाणे शोधण्याकडे सरकारचे लक्ष वळले. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 1828-29 च्या सुमारास महाबळेश्वर येथे आरोग्यस्थान वसवले, तर 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरानचा डोंगर प्रकाशात आणला. मॅलेट ज्या जिल्ह्याचा कलेक्टर होता, त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणूचा मुलूख होता आणि त्यात सरावलीसारखी आदिवासी वस्तीची गावे होती. एकाच जिल्ह्यात साहेबाच्या तापासाठी डोंगरावर बंगले बांधले जात होते आणि तोच ताप अंगात घेऊन वारली, कोकणा व दुबळा कुटुंबे सावकार-जमीनदाराच्या शेतावर राबत होती. त्यांच्यासाठी गावातला भगत हाच वैद्य होता आणि घराची ओसरी हेच आरोग्यस्थान होते.

या मुलखात नोकरीबरोबर येणाऱ्या लाभांचा प्रश्न फार काळ उद्भवलाच नाही, कारण मजुरी हीच मुळात हक्काची नव्हती. वेठ म्हणजे जमीनदाराकडे करावे लागणारे बिनमोबदल्याचे काम, आणि लग्नगडी म्हणजे लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पतिपत्नीने सावकाराच्या घरी बांधील होणे. या दोन्ही प्रथा 1945 पर्यंत उघडपणे चालू होत्या. त्या वर्षीच्या मे महिन्यात झरी येथे भरलेल्या परिषदेनंतर किसान सभेच्या नेतृत्वाखाली, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने, वारल्यांनी वेठ नाकारली व गवतकापणीला ठरलेला दर मागितला. ऑक्टोबर 1945 मध्ये तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड याच्यासह पाच जण मारले गेले. त्या लढ्याच्या मागण्यांत आजारपणाच्या रजेचा उल्लेख शोधू जाणे हा अन्याय ठरेल, कारण रोजचा दाम मिळाल्याखेरीज खाड्याची भरपाई मागता येत नाही. पण पुढे या भागातील माणूस कारखान्यात शिरला, तेव्हा तो रोखीचा मजूर म्हणून शिरू शकला, ही त्या लढ्याचीच कमाई होती.

दरम्यान डहाणूच्या दारातच एक असा मालक येऊन बसला होता, ज्याच्या सेवेत उपचार आणि प्रवास या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत. मुंबई ते सुरत हा लोहमार्ग 1864 मध्ये सलग झाला आणि बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीच्या, व 1951 नंतर पश्चिम रेल्वेच्या, नोकरवर्गासाठी डॉक्टर, दवाखाने आणि इस्पितळे यांची साखळी हळूहळू उभी राहिली. मुंबई सेंट्रलजवळचे जगजीवन राम रुग्णालय हे या साखळीतील मोठे ठाणे. रेल्वेच्या पासनियमांत आजारपणाचा खास पास असतो: रेल्वेच्याच डॉक्टरने रुग्णाला दुसऱ्या गावी पाठवण्याची शिफारस केली, की रुग्णाला आणि गरज असल्यास सोबत्याला बिनभाड्याचा प्रवास मिळतो. या साध्या कागदात एक मोठी समज सामावलेली आहे. रुग्ण इस्पितळाच्या दारापर्यंत पोहोचला तरच उपचाराला अर्थ असतो, आणि पोहोचण्याचा खर्च हा उपचाराचाच भाग होय, हे या नियमाने मान्य केले. नंतरच्या बहुतेक योजनांनी मात्र ते मान्य केले नाही.

खासगी कारखान्यांतील कामगारांसाठी कायद्याची पावले सावकाश पडली. 1923 च्या कायद्याने कामावरील अपघाताची भरपाई आली. 1929 मध्ये मुंबई इलाख्याने प्रसूतिलाभाचा कायदा केला, ज्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात पाठिंबा दिला होता. पुढे आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा सोपवण्यात आला आणि 1944 मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातून 1948 चा कामगार राज्य विमा कायदा झाला. कामगार आणि मालक या दोघांनी पगाराच्या प्रमाणात अंशदान भरायचे व त्या निधीतून उपचार आणि आजारपणातील रोख भत्ता द्यायचा, अशी ही योजना 1952 मध्ये कानपूर व दिल्लीत, तर 1954 मध्ये मुंबईत सुरू झाली. ती सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांपुरतीच लागू होई, आणि हंगामी कारखाने तिच्या बाहेर ठेवलेले होते. चिकूच्या वाड्या, वीटभट्ट्या, मासेमारी, चिंचणी परिसरातील घरोघरचे डायमेकिंग, म्हणजे दागिन्यांचे साचे कोरण्याचा व्यवसाय, यांवर जगणाऱ्या माणसांना या कायद्याची झळाळी लांबूनच पाहावी लागली.

परदेशी उपचाराचा मार्ग या काळात धनिकांना आणि वरिष्ठ सरकारी सेवकांनाच मोकळा होता. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचे 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वेल्समधील एका शुश्रूषागृहात निधन झाले. जे उपचार त्यांना परदेशात मिळाले तसे देशातच मिळावेत या इच्छेतून पुढे टाटा न्यासाने मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले व ते 1941 मध्ये सुरू झाले. श्रीमंतांच्या परदेशवारीने इतके मोठे सार्वजनिक फळ दिल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, आणि डहाणू-तलासरीच्या कर्करोगाच्या रुग्णालाही परळचाच रस्ता दाखवला जातो, ही गोष्ट या इतिहासातील अत्यंत समाधानाची आहे. सरकारी सेवकांसाठी 1944 चे केंद्रीय आणि 1961 चे महाराष्ट्र राज्याचे वैद्यकीय देखभालीचे नियम झाले. परदेशी जाण्याची परवानगी केंद्राच्या व्यवस्थेत मिळे ती, हा उपचार भारतात होऊ शकत नाही असे तज्ज्ञ समितीने आधी प्रमाणित केले तरच. त्यात परकीय चलनाची अडचण होती. 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्याखाली डॉलर मिळवणे हे स्वतंत्र दिव्य होते, आणि 1999 चा नवा चलन कायदा जून 2000 मध्ये अमलात आल्यावरच ती गाठ सैल झाली.

सरावलीच्या परिसरासाठी ‘परदेश’ मात्र कधीच केप किंवा लंडनइतका लांब नव्हता. 1954 पर्यंत दादरा व नगरहवेलीत आणि 1961 पर्यंत दमणमध्ये पोर्तुगीजांची सत्ता होती, म्हणजे तलासरीच्या जंगलापलीकडे दुसरे राष्ट्रच होते. पुढे 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याचे विभाजन होऊन उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. एकाच बोलीची, एकाच सोयरिकीची गावे दोन राज्यांच्या दप्तरांत वाटली गेली. त्यानंतर गुजरातच्या बाजूला वापी आणि उंबरगाव येथे औद्योगिक वसाहती वाढल्या, तर डहाणू तालुका केंद्र सरकारच्या 20 जून 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरून तेथील उद्योगांवर मर्यादा आली. वाड्या आणि जंगल वाचवणारी ही अधिसूचना योग्यच होती, परंतु तिचा एक परिणाम असा की घर महाराष्ट्रात आणि हजेरी गुजरातेत, अशा कामगारांच्या या पट्ट्यात कारखान्याची नोकरी राज्याच्या सीमेपलीकडेच राहिली. रेल्वेने डहाणू रोडहून चर्चगेट सुमारे सव्वाशे किलोमीटर, तर वापी त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर आहे; त्यामुळे अवघड बाळंतपण असो वा अपघात, वापी-वलसाडकडे धाव घेणे येथे स्वाभाविक आहे. या धावेत गाडीभाडे, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, दुसऱ्या राज्यातील कागदपत्रांची जुळवाजुळव असे सारे ओझे कुटुंबावर पडते. कंत्राटी कामगाराच्या पगारचिठ्ठीवर अंशदानाची कपात दिसली तरी या खर्चाचा रकाना तिच्यात नसतो.

याच प्रश्नाला जगात इतरत्र काय उत्तरे मिळाली, हे पाहणे येथे उपयोगी आहे. अमेरिकेत शस्त्रक्रियांचे दर मालकांना परवडेनासे झाल्यावर काही कंपन्यांनी कामगारांना परदेशी पाठवण्याचा विचार केला. 2006 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील ब्लू रिज पेपर या कंपनीने आपल्या एका कामगाराला शस्त्रक्रियेसाठी भारतात पाठवायचे ठरवले, तेव्हा पोलाद कामगारांच्या संघटनेने विरोध केला व तो बेत रद्द झाला. संघटनेचा आक्षेप रास्त होता: स्वस्ताईसाठी माणसाला घरापासून तोडायचे, आणि काही बिघडले तर दाद कोणत्या देशाच्या न्यायालयात मागायची, हे दोन्ही प्रश्न अनुत्तरितच होते. हॅनाफर्ड या किराणा साखळीने 2008 च्या सुमारास खुब्याच्या व गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सिंगापूरचा पर्याय दिला, तोही ऐच्छिक. परंतु सर्वांत शहाणे उत्तर कॅलिफोर्नियाच्या सीमेवर सापडले. तेथील शेतमजूर आणि कामगार आधीपासूनच मेक्सिकोतील आपल्या भाषेच्या डॉक्टरांकडे जात होते. 1998 मध्ये राज्याने कायदा करून अशा सीमापार आरोग्ययोजनांना परवान्याच्या चौकटीत आणले आणि 2000 मध्ये तिहुआना येथील सिमन्सा या योजनेला परवाना मिळाला. लोक जिकडे जातच होते, तिकडचा रस्ता कायद्याने आपलासा केला.

भारतात 1986 मध्ये मेडिक्लेम विमा आला, 1999 च्या कायद्यानंतर विमाक्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले, आणि आता काही सामूहिक पॉलिसींत गंभीर आजारासाठी परदेशी उपचाराचे कलमही घालून मिळते. हा लाभ मुख्यतः वरच्या पगाराच्या श्रेणींना मिळतो, म्हणजे केपच्या काळातील हुद्द्याची पायरी अद्याप जागेवरच आहे. सीमेवरच्या कष्टकऱ्यांसाठी बदल आला तो मालकांकडून नव्हे, शासनाकडून. सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत एका राज्यातील पात्र कुटुंबाला दुसऱ्या राज्यातील संलग्न रुग्णालयात उपचार घेण्याची मुभा ठेवली गेली, त्यामुळे सरावलीच्या पात्र कुटुंबाला वलसाड जिल्ह्यातील संलग्न रुग्णालयात जाणे निदान कागदोपत्री तरी हक्काचे झाले. तेथवर जाण्याचे भाडे आणि बुडालेला रोज मात्र अजूनही त्या कुटुंबालाच सोसावा लागतो, आणि रेल्वेच्या आजारपणाच्या पासासारखी तरतूद कंत्राटी कामगाराच्या वाट्याला आलेली नाही.