ब्रेक कडक होतो तेव्हा

घाटंजीहून यवतमाळकडे किंवा पांढरकवड्याकडे काळी-पिवळीने ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना ही सवय आठवेल. उतार लागला की चालक हळूच गियर काढायचा, चावी फिरवून इंजिन बंद करायचा आणि गाडी आपल्या वजनाने खाली सोडून द्यायचा. तेवढंच डिझेल वाचलं! एकदा अशाच उतारावर पुढे बैलबंडी आडवी आली. चालकाने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, आणि तिसऱ्यांदा दाबताना त्याचा चेहरा बदलला. सीटवरून अर्धवट उठून, दोन्ही पायांनी जोर लावून त्याने गाडी कशीबशी बंडीच्या अलीकडे थांबवली. खाली उतरून एवढंच म्हणाला, "पायडल दगडासारखं झालं जी."

ब्रेक मात्र फेल झाला नव्हता. निघून गेली होती ती ब्रेकला मदत करणारी हवेची ताकद.

ही ताकद समजून घ्यायला थोडं मागे, रेल्वेच्या काळात जायला हवं. आपल्याभोवतीची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा दाब देत असते. तो सगळीकडून सारखा असतो म्हणून जाणवत नाही. एका बाजूची हवा काढून घेतली, की दुसऱ्या बाजूची हवा रेटा देऊ लागते. एकोणिसाव्या शतकात याच रेट्यावर आगगाडीचे ब्रेक चालवले गेले. पण सुरुवातीच्या साध्या पद्धतीत एक घातक उणीव होती. नळीतली हवा ओढून पोकळी केली तर ब्रेक लागायचा. नळी तुटली की ब्रेकच नाहीसा.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ याची फार मोठी किंमत मोजावी लागली. सहलीला निघालेल्या मुलांनी भरलेली गाडी चढावर अडकली. पुढचे पाच डबे आधी वर न्यावेत म्हणून मागचे दहा डबे सोडवले गेले. सोडवताच त्या डब्यांची नळी तुटली आणि त्यांचा मुख्य ब्रेक गेला. उरला शेवटच्या डब्यातला हातब्रेक, आणि चाकांखाली लावलेले दगड! आपल्याकडे जीपचा क्लीनर लावतो तसेच. पुढच्या भागाचा मागे हलका धक्का बसला, दगड चिरडले, दहा डबे उतारावरून सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशीच्या आसपास माणसं दगावली, त्यात मुलं पुष्कळ होती.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला, की प्रवासी गाडीचा ब्रेक आपोआप लागणारा हवा. मग पद्धत उलटी केली गेली. पोकळी आहे तोवर ब्रेक सुटलेला. पोकळी गेली की ब्रेक लागलाच. आपल्या रेल्वेतही अनेक दशकं हाच व्हॅक्यूम ब्रेक होता. डब्यातली साखळी ओढली की गाडी थांबायची, कारण साखळीमुळे नळीत बाहेरची हवा शिरायची.

मोटारीने मात्र हा धडा अर्धाच उचलला. पायाचा जोर तेलाच्या नळ्यांतून चाकापर्यंत पोहोचवणारा ब्रेक १९२१मध्ये अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना आला. पुढे गाड्या जड झाल्या, वेगवान झाल्या, आणि एकट्या पायाचा जोर पुरेना. बेल्जियमच्या अल्बर्ट देवांद्रे यांनी पोकळीच्या मदतीचा ब्रेक काढला. १९२७ पासून बॉश कंपनी तो बनवू लागली. आजचा बूस्टर त्याच कुळातला. बॉनेटखाली चालकाच्या बाजूला दिसणारा तो काळा गोल डबा. आत नऊ इंची रबरी पडदा असेल, तर त्यावर हवेचा रेटा अडीचशे किलोच्या घरात जातो. आपण फक्त बोट लावायचं, ओझं हवा उचलते. पण इथे पोकळी गेली तर ब्रेक आपोआप लागत नाही. फक्त मदत थांबते आणि सगळं ओझं पायावर येतं.

पेट्रोल गाडीत ही पोकळी इंजिन हवा ओढताना आपसूक तयार होते. डिझेल इंजिनात हवेची वाट सहसा अडवलेली नसते, म्हणून वेगळा पंप लागतो. त्या काळच्या अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला असे. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. डब्यात साठलेल्या पोकळीवर दोन-तीनदा ब्रेक लागतो, मग पायडल दगड. आमच्या चालकाचं नेमकं हेच झालं होतं.

इंजिन चालू असूनही पायडल कडक लागत असेल, तर घाटंजीतला कुठलाही जाणता मिस्त्री आधी हत्यार उचलत नाही. इंजिन बंद ठेवून तो चार-पाच वेळा पायडल मारतो. ते कडक झालं की पाय तसाच दाबून ठेवून स्टार्टर मारतो. पायडल किंचित खाली बसलं तर बूस्टरला पोकळी मिळते आहे. मग दोष पुढे, चाकाशी शोधायचा. जाम झालेला पिस्टन, फुगलेले रबर किंवा तापून गुळगुळीत झालेले लायनर. पायडल हललंच नाही, तर आधी रबरी नळी पाहायची. आपल्याकडच्या उन्हात ती तडकते आणि फस्स असा आवाज येतो. नळी धड असेल तर तिच्यातला एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून बघायचा. एका बाजूने हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने नाही. त्यानंतर पंपाची पाळी. नळीच्या टोकाला अंगठा लावला की ओढ जाणवते का, ते बघायचं. खात्री करायची तर गेज लावायचा. पंप झिजला असेल तर इंजिन मंद असताना पायडल जड आणि एक्सलेटर दिल्यावर हलकं, असा खेळ चालतो. हे सगळं ठीक निघालं, तरच बूस्टरचा पडदा फाटला असं समजायचं आणि बूस्टर बदलायचा. पुष्कळदा उलटं होतं. नवा महागडा बूस्टर बसतो आणि चिरलेली स्वस्त नळी तशीच राहते.

पायडल मऊ, पिचपिचीत लागणं हा निराळा आजार. तिथे तेलाच्या नळीत हवा शिरलेली असते. इथे हवा नको तिथे येते, तिथे हवी तेवढी निघत नाही.

आमच्या जीपला त्या दिवशी काहीच दुरुस्ती लागली नाही. चालकाने नुसतं इंजिन चालू केलं, पायडल एकदा दाबून पाहिलं आणि बंडी पुढे जाण्याची वाट पाहत थांबला. पुढचा उतार आम्ही दुसऱ्या गियरमध्ये उतरलो.