सातबारा आणि वेबची तीन दारं

शहापूर-मुरबाडमध्ये वेबचा इतिहास सांगायचा तर सातबाऱ्यापासून सुरुवात केलेली बरी. तो कागद तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून गाव नमुना सहा काढला की हे नाव कसं लागलं ते समजतं. पुढची वाट नोंदीतच दिलेली! टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला, त्याचा गाभा हाच. मात्र ती पानं माणसांनी वाचायची होती. प्रोग्रामला ती वाचून काम करायचं असेल तर काय? २००० च्या आसपास यावर तीन उत्तरं पुढे आली.

पहिलं, 'सोप'. मायक्रोसॉफ्ट, आयबीएम यांचं. तहसील कचेरीसारखं: खिडकी एकच, काय हवं ते अर्जात लिहायचं. अर्जांचे नमुने वाढतच गेले, ते सोडून देऊ.

दुसरं रॉय फील्डिंग यांचं, २००० च्या त्यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधातलं 'रेस्ट'. प्रत्येक गोष्टीला स्वतःचा पत्ता, आणि मिळालेल्या उत्तरातच पुढच्या वाटा. म्हणजे आपला सातबारा-फेरफारच की! लोकांनी नाव उचललं, पत्ते उचलले, वाटा बहुधा गाळल्या. फील्डिंग यांनी २००८ मध्ये त्यावर जाहीर नाराजी नोंदवली.

तिसरं, २००१ मधलं, पुन्हा बर्नर्स-ली आणि सहकाऱ्यांचं: पानातच अर्थ लिहा. हे नाव मालकाचं, हा आकडा क्षेत्राचा. लायब्निट्झला हे फार आवडलं असतं. व्यवहारात ते अवघड गेलं, कारण अर्थ लिहिण्याचे कष्ट एकाचे आणि फायदा दुसऱ्याचा.

दरम्यान २००५ मध्ये पॉल रेडमाकर यांनी कुणाला न विचारता भाड्याच्या घरांच्या जाहिराती गुगलच्या नकाशावर मांडल्या. त्याच वर्षी गुगलने प्रोग्रामसाठी अधिकृत दार उघडलं. २०१८ मध्ये त्या दाराचे दर बदलले, अनेकांना ते परवडेनात. दार त्यांचं, कडीही त्यांची.

आता आपल्याकडे या. कुळाचं नाव मालकाच्या रकान्यात नसतं. ते 'कुळ, खंड व इतर अधिकार' इथे असतं. १९४८ च्या कूळ कायद्यानंतर त्या रकान्यावरून किती दावे लढले गेले, ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. उद्या एखाद्या प्रोग्रामने फक्त मालकाचा रकाना उचलला, तर तो बिनचूक चालेल, कुठेही अडणार नाही, आणि कूळ मात्र गळालेलं असेल. म्हणून तिसरं उत्तर फसलं असलं तरी मी ते टाकून देत नाही. प्रोग्रामसाठी उताऱ्याचे रकाने ठरवायला बसतील, तेव्हा तिथे कूळ कायदा माहीत असलेलं कुणी असेल का?